पुढची सीट

फियाट ओढ्याच्या वळणावर आली तेव्हाच अकबरीनं आवाज ओळखला आणि हातातलं सूप खाली ठेवलं. एकोणीस वर्षं हा आवाज कुणाच्या कानी पडला नव्हता. पण ज्या पोरीनं दहाव्या वर्षापासून लग्न होईस्तोवर रोज सकाळी बापाची टॅक्सी धुतली, ती तो विसरेल कशी? इंजिन जरा घोगरं झालं होतं, एवढंच. वय कुणाला चुकलंय!

गाडी फाटकातून आत शिरली आणि अकबरीला हसू आवरेना. तिचा थोरला भाऊ फकरुद्दीन, कामशेतच्या पेठेतला इंद्रायणी तांदळाचा नामांकित व्यापारी, वय वर्षं सदुसष्ट, तांदळाच्या पोत्यावर बसून गाडी चालवत होता. गाडीला पुढची सीटच नव्हती. खड्डा आला की पोतं कलंडे, पोतं कलंडलं की भाई कलंडे, आणि भाई कलंडला की गाडी. मागच्या सीटवर धाकटा दिलावर हाताची घडी घालून बसला होता. लोणावळ्यात तीस वर्षं जीपमधून लोकांना पॉइंट दाखवणारा माणूस आज स्वतःच टुरिस्ट झाला होता, आणि तोंड असं केलं होतं की पॉइंट काही पसंत पडलेला नाही. मागून स्कूटीवर गुलनाज आणि तिच्या मागं बसलेला रमीज. रमीज फकरुद्दीनचा मुलगा, गुलनाज दिलावरची मुलगी.

"भाई, दुकान घेऊनच आलास व्हय?" अकबरी म्हणाली.

"तुझ्यासाठीच आणलंय. नवा तांदूळ हाय." फकरुद्दीन कमरेला हात लावून उतरला. "बसायची सोय झाली अन् बहिणीला भेटबी झाली."

"म्हंजे तू पंधरा किलोमीटर बसून आलेला तांदूळ मी शिजवायचा?"

दिलावर खुदकन हसला. मग थोरल्याशी आपलं बोलणं नाही हे आठवून त्यानं ते हसू खोकल्यात घातलं.

त्या दोघांचं बोलणं बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती. अब्बा गेले, वाटण्या झाल्या, कामशेतच्या घरात मधोमध भिंत आली. घर तुटलं, शेत तुटलं, पण फियाटवर घोडं अडलं. अब्बांनी बहात्तर साली घेतलेली, लोणावळा स्टेशनबाहेर जन्मभर चालवलेली. फकरुद्दीन म्हणे माझी, दिलावर म्हणे माझी. शेवटी पंच कंटाळले आणि त्यांनी असा निवाडा केला की आजही पेठेत कुणी तो सांगितला तर चहा नाकातून येतो. गाडी खोलली. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं थोरल्याला. बॉडी, दारं आणि मागची सीट धाकट्याला. फकरुद्दीननं इंजिन दुकानाच्या माडीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलं आणि दर ईदला त्याला तेल पाजलं. दिलावरच्या बॉडीत कोंबड्या राहायला गेल्या. पुढची सीट तेवढी दोघांच्या नजरेतून सुटली. "ही मी नेऊ का रे?" असं अकबरीनं गमतीनं विचारलं, तर दोघंही एकाच दमात म्हणाले होते, "ने ने!" त्या दिवशी भावांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. तेव्हापासून ती लांबलचक सीट परंदवडीत अकबरीच्या ओसरीवर विटांवर मांडलेली होती.

चौदा महिन्यांपूर्वी रमीज आणि गुलनाजनं कोंबड्या बाहेर काढल्या. रमीजचं कामशेतला गॅरेज, गुलनाज नवलाख उंबरे गावच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. रविवारी रविवारी, थोडंथोडं करत, दोघांनी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी गाडी जोडत आणली. त्यात म्हाताऱ्यांच्या फर्माइशी होत्याच. फकरुद्दीनला सगळं अब्बांच्या वेळचं हवं होतं, दिलावरला सगळं नवं. रंगावरून तीन महिने गेले आणि शेवटी गाडी वरून पांढरी, खालून हिरवी झाली. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला तेव्हा फकरुद्दीन दोन दिवस जेवला नाही. दिलावरनं पुण्याहून मोटारीच्या दोन वेगवेगळ्या, नव्या सीटा आणल्या. त्या बसल्या झकास, पण त्यांवर फकरुद्दीन बसला की पोट स्टिअरिंगला आणि टक्कल छताला. तेव्हा सगळ्यांना परंदवडीची आठवण झाली.

हे अकबरीला कालच कळलं होतं. गुलनाजचा फोन आला होता. "फुफी, उद्या दोघंही येणार आहेत. सीट पाहिजे आणि एका कागदावर तुझी सही पाहिजे. मी काही सांगितलं नाही, बरं का!"

फोन ठेवल्यावर अकबरी बराच वेळ त्या सीटवर बसून राहिली होती. तिला काय पाहिजे ते तिला लख्ख ठाऊक होतं. तिला ती गाडी पाहिजे होती. नुसती बघायला नव्हे, चालवायला. अब्बांनी दोन्ही पोरांना मिसरूड फुटताच शेजारी बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं. धुवायची बादली मात्र हिच्या हातात. नवरा गेल्यापासून एकटी होती, तर गेल्या थंडीत ती गुपचूप सोमाटणे फाट्याच्या मोटर स्कूलमध्ये गेली. तिथला मास्तर तिला पहिल्या दिवशी 'मावशी' म्हणाला आणि पंधराव्या दिवशी 'मॅडम'. लायसन येऊन आठ महिने झाले होते. कुणाला बोलली नव्हती. मागायचं मात्र तिला जन्मात कधी जमलं नव्हतं, आणि आज मागायचं होतं.

तिनं चहा टाकला. बाहेर ओसरीवर बसायला त्या सीटशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून जी न्यायला आले होते तिच्यावरच दोघं भाऊ दोन टोकांना बसले. पोरं पायरीवर टेकली.

"अकबरे, एक बारीकसं काम व्हतं," फकरुद्दीननं बशी तोंडाला लावत सुरुवात केली.

"बारीक काम असतं तर फोन केला असतास. दोघं एका गाडीतून आलाय म्हंजे काम दांडगंच असणार."

"रमीज, तुझ्या फुफीला सांग," दिलावर म्हणाला, "एका गाडीतून आलो, पण वाटेत बोललो न्हाई."

"ते काय सांगायचं, चाचा? कळतंय की," रमीज म्हणाला आणि त्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून अर्धवट भरलेला अर्जाचा कागद काढला. "फुफी, आरसी बुक अजून दादांच्याच, म्हणजे तुमच्या अब्बांच्याच, नावावर आहे. आरटीओचा एजंट म्हणतो, नाव बदलल्याशिवाय पासिंग होणार नाही. एकच नाव लागणार. माझ्या अब्बांच्या नावावर करायचं ठरलंय. सहा महिने गाडी भिंतीच्या आमच्या बाजूला, सहा महिने चाचांच्या."

"छान. मग अडलंय कुटं?"

"तुझी एक सही," फकरुद्दीन म्हणाला. "हरकत न्हाई म्हणून. हितं फुली मारलीया बघ पेन्सिलनं, तितं करायची."

"माझी कशाला? मी तर सगळं सोडलंय. वडगावला कचेरीत तुमीच नेलंतं की हक्कसोडीला."

फकरुद्दीननं रमीजकडे पाहिलं, रमीजनं गुलनाजकडे. गुलनाजच्या गालात हसू मावत नव्हतं.

"फुफी, त्या कागदावर घर आहे, शेत आहे, परसातली विहीरसुद्धा आहे. गाडी नाही."

"का बरं न्हाई?"

"तेव्हा ती गाडी होतीच कुठं? पंचांनी तिचे सुटे भाग केले होते. सुट्या भागांची हक्कसोड कोण करतं? पण आता आम्ही ती पुन्हा जोडली. म्हणजे गाडी दादांची, आणि वारस तिघं."

अकबरीनं हे नीट ऐकलं आणि पुन्हा एकदा मनात घोळवलं. भांडून भांडून दोघांनी गाडी फोडली, आणि त्या फोडण्यातच बहिणीचा वाटा शाबूत राहिला. शहाण्यांनी शहाणपणानं सगळं वाटलं असतं तर तोही गेला असता! तिनं कप खाली ठेवला.

"मग माझी हरकत हाय," ती म्हणाली.

"आं?"

"हरकत हाय. गाडी माझ्या नावावर करा."

फकरुद्दीन हसला, अगदी मनापासून, पोट हलवत. "तुझ्या? अगं, तू करणार काय गाडीचं? कोंबड्या पाळणार?"

"कोंबड्या पाळायचा मान दिलावरचा. मी चालवणार."

"कुटं जाणार चालवत?"

"जिथं जायचं तितं तुला इचारून जाऊ व्हय?" असं म्हणून तिनं कमरेचा बटवा सोडला आणि लायसन काढून त्याच्या हातावर ठेवलं.

फकरुद्दीननं ते हाताच्या अंतरावर धरलं, मग आणखी लांब. त्याचा चष्मा दुकानात राहिला होता. "हे कुणाचं?"

"फोटो बघ की."

"फोटोत तर चोरावाणी दिसतीस!"

"लायसनवर सगळेच दिसत्यात. तुझं काढ, मग सांगते कोण दिसतंय ते."

लायसन दिलावरकडे गेलं, मग पोरांकडे. गुलनाजनं तर आत्याला मिठीच मारली. "फुफी, मला पण नाही सांगितलंस!" फकरुद्दीनला मात्र ते पचेना. "लायसन काय, कुणीबी काढतं आजकाल. स्कूलची गाडी येगळी. हिचा गियर स्टिअरिंगच्या दांड्याला हाय, लेकी. चार टप्पे, अन् रिव्हर्स कुटं हाय ते अब्बांनाबी कधीकधी घावायचं न्हाई."

"बसा मागं," अकबरी म्हणाली.

"सीट न्हाई ना पुढं!"

"तांदूळ हाय की. बसा."

मागं जागा दोघांचीच. पोरं अंगणात उभी राहिली आणि एकोणीस वर्षांनी दोन्ही भाऊ एका सीटवर मांडीला मांडी लावून बसले. अकबरीनं पदर कमरेला खोचला, पोत्यावर बसली. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली.

"क्लच हळू सोड," फकरुद्दीन म्हणाला.

"हळू न्हाई, आपा, आधी रेस दे," दिलावर म्हणाला.

"गुलनाजच्या बापाला कुणीतरी सांगा, रेस दिली तर गाडी भिंतीत जाईल."

"रमीजच्या बापाला सांगा, क्लच जळंल अशानं!"

अकबरीनं आरशातून दोघांकडे पाहिलं. "तोंडं मिटा, न्हाईतर उतरा."

ती डोळे मिटून क्षणभर बसली. फडका मारताना ज्या दांड्यावरून हजार वेळा हात फिरवला होता, तो आत ओढून वर कसा न्यायचा हे तिच्या हाताला माहीत होतं, फक्त कुणी कधी करू दिलं नव्हतं. तिसऱ्यांदा गाडी निघाली. फाटकातून बाहेर, झोडणी उरकलेल्या खाचरांच्या कडेनं ओढ्यापर्यंत. वळणावर पोतं कलंडलं तशी तीही कलंडली, पण स्टिअरिंग सोडलं नाही. ओढ्यापाशी तिनं रिव्हर्स घेतला. एका झटक्यात लागला. मागून "या अल्ला" एवढंच ऐकू आलं. कोण म्हणालं ते कळलं नाही. परत येताना बांधावरची शेजारीण शालूबाई विळा तसाच हातात धरून बघत राहिली, आणि अकबरीनं तिच्यासाठी खास हॉर्न दिला. काय सांगावं, सोळा वर्षांच्या पोरालाही इतका आनंद होत नसेल जितका बासष्टाव्या वर्षी तिला त्या हॉर्नचा झाला!

अंगणात गाडी थांबली तसा दिलावर आधी उतरला. त्याचं मत ठरलं होतं. "गुलनाज, तुझ्या बडेअब्बांना सांग, आपण आपाच्या बाजूनं हाय. त्येंच्या नावावर होण्यापरीस आपाच्या नावावर झाली तर मला लय आनंद. सही करतो लगीच."

हे ऐकून फकरुद्दीनचे कान लाल झाले. "रमीज, तुझ्या चाचाला सांग, पोटात एक अन् ओठात एक त्यांनी करू नये. अकबरीला गाडी द्यायचं माझ्या मनात आधीपास्नं व्हतं."

"बघितलं त्येंचं मन, गुलनाज! तांदळावर बसून आले सही घ्यायला!" दिलावर म्हणाला.

"उद्या त्याच्या दारात सहा महिने उभी राह्यची, त्यापरीस हितं राहू दे. आण तो कागद. आधी मी करतो सही."

"आधी मी!"

दोघांनी एकदम कागदाला हात घातला. रमीजनं तो डोक्याच्या वर धरला. गुलनाजनं डोळ्यांनीच खुणावलं, फुफी, झालं तुझं काम! झालंच होतं. भांडणाच्या भरात का होईना, दोघंही द्यायला तयार होते. शहाण्या बाईनं गप बसून घेतलं असतं.

"मला नको," अकबरी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"एकमेकांची जिरवायला दिलेली गाडी मला नको. घेऊन जा. सीटबी न्या. सही कुटं करायची, दावा." ती फकरुद्दीनकडे वळली. "भाई, वडगावला त्या दिवशी मी तुला इचारलं व्हतं, कागदात काय लिवलंय. तू म्हणालास, तुझं काय त्यात, सही कर, सायब जेवायला उठंल. मी केली. मला घर नको व्हतं रे. शेत नको व्हतं. मागितलं असतंत तर हसत दिलं असतं. पण मागितलंच न्हाई कुणी. सातवी शिकलीये मी, वाचता येतंय मला. कागद माझ्या हातातसुदिक दिला न्हाई. अन् आजबी आलात ते पेन्सिलीची फुली मारूनच."

दिलावर जमिनीकडे बघत राहिला. रमीजनं कागद हळूच खाली घेतला. पेठेत दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा फकरुद्दीन ओठ पुसत उभा राहिला. त्याला तो दिवस आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. हिला नवा जोडा घेतला होता, वाटेत भजी खाऊ घातली होती, आणि आपण बहिणीचं सगळं रीतसर केलं असं मनाशी म्हणत तो घरी आला होता.

मग तो ओसरीवर गेला, सीटवर बसला आणि हात पुढे केला.

"कागद दे, रमीज."

तो घेऊन त्यानं डोळे बारीक केले. अक्षर दिसेना. कागद लांब धरला, जवळ धरला. अखेर मान वर करून तो सरळ धाकट्याकडे बघत म्हणाला, "दिलावर, तुझा चष्मा दे."

रमीजच्या तोंडाचा आ झाला. एवढ्या वर्षांत हे पहिलं वाक्य, आणि ते चष्म्यासाठी! दिलावरनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि भावाच्या हातात दिला.

"बस, अकबरे," फकरुद्दीन म्हणाला. "वाचून दावतो. मागचा कागद वाचला न्हाई, हा तरी वाचतो."

"मला येतंय वाचता."

"म्हाईत हाय. तरीबी मलाच वाचू दे."

ती बसली. तो वाचू लागला, शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून, एकेक ओळ. गाडीचा नंबर. इंजिनाचा नंबर, चॅसीचा नंबर. मयताचं नाव वाचताना तो थांबला. इमाम बाबू मुलाणी हे अब्बांचं नाव त्यानं पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. अडलेला सरकारी शब्द आला की गुलनाज अर्थ सांगे, मग तो अर्थ फकरुद्दीन बहिणीला सांगे, जणू तिनं ऐकलाच नव्हता. एरवी अकबरीनं त्याची चांगली फिरकी घेतली असती. आज तिनं वाचू दिलं. मध्येच त्यानं खोडरबर मागितलं, आणि गुलनाजनं पर्समधून काढून दिल्यावर ती पेन्सिलीची फुली घासून घासून पुसली. कागद तिथं जरा फाटायला आला.

"अर्जदाराचं नाव," त्यानं वाचलं. "लिव, गुलनाज. अकबरी." मग बोट खालच्या ओळीवर आलं. "हितं इचारलंय, मुलगा, पत्नी, का मुलगी... अन् कुणाची."

"फुफी, आधारवर फुफाजींचं नाव आहे," गुलनाज पेन सरसावत म्हणाली. "पत्नी लिहू?"

"थांब," फकरुद्दीन म्हणाला. "मुलगी लिव."

आणि गुलनाजनं पेन टेकवायच्या आत त्यानंच तिचा हात धरला. चष्मा नाकावर खाली ओढून तो बहिणीकडे वळला. दिलावरही पायरीवर येऊन उभा राहिला होता.

"अकबरे," त्यानं विचारलं, "मुलगी लिवू का?"

अकबरीनं लगेच उत्तर दिलं नाही. थकली म्हणून नव्हे, कळलं नाही म्हणूनही नव्हे. ती एकोणीस वर्षं थांबली होती. भाईनंही घटकाभर थांबावं, असं तिला वाटलं. दोघांच्या तोंडांकडे तिनं नीट, पोट भरेस्तोवर पाहून घेतलं.

"लिव," ती म्हणाली.